भाडेकरू गेला, थकबाकी राहिली

यजमान एचएमटीत होते. त्यांच्या मागे मला ईपीएस-95 ची विधवा पेन्शन मिळते. 2014 पासून किमान हजार रुपये ठरलेत. माझी त्याच्या जरा वर आहे, एवढंच. घर चालतं ते जालहळ्ळीच्या घराच्या वरच्या मजल्याच्या भाड्यावर.

वर वेगळं मीटर आहे, बिल भाडेकरूनेच भरायचं. तो दिवसभर घरून काम करायचा आणि 2024 चा उन्हाळा तर बेंगळुरूला अजिबात न शोभणारा. एसी, गिझर, इंडक्शन, सगळं चालू. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत सूट आहे खरी, पण त्यापुढे एक युनिट गेलं तरी अख्खं बिल भरावं लागतं. हे त्याला ठाऊक नव्हतं की त्याने डोळेझाक केली, देव जाणे. तो गेल्यावर बिल माझ्या हातात पडलं, थकबाकी नऊ हजारांच्या घरात. ॲडव्हान्स तोवर शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळता झालेला. आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, जागेचा असतो, भाडेकरूचा नव्हे. वसुली अर्थातच माझ्याकडून.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "एफडी मोडा हो काकू, लाइनमन दारात आला तर गल्लीत शोभा होईल." आपल्या पेन्शनर लोकांचं इथेच चुकतं. अब्रूच्या धास्तीने आधी ठेव मोडतात, नाहीतर बांगड्या गहाण टाकतात, आणि ऑफिसची पायरी सर्वांत शेवटी चढतात. मी आधी वीज कंपनी बेस्कॉमच्या सबडिव्हिजन ऑफिसला गेले. बिलाची प्रत, पेन्शनचं पासबुक आणि कन्नडमध्ये लिहून घेतलेला अर्ज. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. मला हप्ते मिळाले, पण मागितले म्हणून. पहिला हप्ता त्याच दिवशी भरला, त्याने बोलण्याला वजन येतं.

मात्र उशीर करू नका. 1 सप्टेंबर 2024 पासून बेस्कॉमने नियम कडक केलाय. बिल आल्यापासून तीस दिवसांत पैसे भरले नाहीत आणि बाकी शंभर रुपयांवर असेल, तर पुढच्या रीडिंगच्या दिवशीच वीज तोडतात. पूर्वी लाइनमनला "उद्या भरते रे बाबा" म्हणून परत पाठवता यायचं. ते दिवस संपले.

बिलच चुकीचं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. वीज कायदा 2003, कलम 56. एरवीही तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. रांगेत हे कोणी सांगत नाही.

आणि ते मेसेज! "मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा." आधीच बाकी असलेल्या माणसाच्या पोटात हे वाचून गोळा येतो, आणि भामट्यांना तेच हवं असतं. त्या नंबरला फोन करू नका, सांगतील ते ॲप मोबाइलमध्ये घालू नका. बेस्कॉमच्या 1912 ला विचारा.

घर रिकामं असलं तरी मंजूर लोडवरचा स्थिर आकार सुटत नाही. एप्रिल 2025 मध्ये तो किलोवॅटला 145 रुपये झाला. वर पाच किलोवॅट मंजूर होते; तीन पुरतात असं वायरमनने सांगितलं, म्हणून लोड कमी करायचा अर्ज दिला. त्याच एप्रिलमध्ये युनिटमागे 36 पैसे वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी लागू झाले. घ्या! माझ्या पेन्शनीतून त्यांची पेन्शन.

कनेक्शन अजून यजमानांच्या नावावर होतं, त्यामुळे हप्त्यांच्या कागदावर सही कुणाची, यावर अर्धी सकाळ गेली. घरात असं असेल तर मृत्यूचा दाखला आणि घराच्या खात्याचा उतारा घेऊन नाव आधी बदलून घ्या. नवा भाडेकरू येण्यापूर्वी जुन्याचा आधार गृहज्योतीतून सोडवायला लावा, नाहीतर नव्याची नोंदणी अडते. आता करारातच लिहून घेते: दोन महिन्यांच्या बिलाएवढा ॲडव्हान्स भाड्यात वळता होणार नाही, आणि चावी परत घेण्याआधी दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढायचा.