कांद्याची पात आणि औषधास न जुमानणारे जंतू
(आरोग्यपाठासाठी शिक्षकांस)

खानदेशात भरताची पंगत बसली की ताटात कळण्याची भाकरी आणि कांद्याची कच्ची पात असावयाचीच. जळगावच्या भरताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. या एका ताटावरून आरोग्याचा एक महत्त्वाचा धडा शिकविता येईल. वांगे विस्तवावर भाजले जाते व त्यातील जंतू मरतात. पात, मुळा, कोथिंबीर मात्र आपण कच्चीच खातो. पानाबरोबर शेतातून जे आले असेल, ते पोटात जाते.

जंतू पूर्वीही होते. मग आज चिंता अधिक का? कारण कित्येक जंतू आता औषधास जुमानत नाहीत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. अशा जंतुनाशक औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषध सोसावयास शिकतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

हे मुलांना अंकगणिताने पटवावे. औषधाने इतर सर्व जंतू मेले व एकच चिवट जंतू उरला, असे समजा. अनुकूल स्थितीत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे ४ तासांत एकाचे ४,०९६ होतील, आणि ते सारे चिवटच! शिवाय हा गुण एक जंतू निराळ्या जातीच्या जंतूसही देऊ शकतो.

माणसांना व गुरांना दिलेल्या प्रतिजैविकांचा बराच अंश मलमूत्रावाटे बाहेर पडतो. चिवट जंतूही तसेच. कच्चे शेणखत व सांडपाणी यांबरोबर ते मळ्यातील मातीत आणि तेथून पानावर येतात. गावचा नाला गिरणा, पांझरा किंवा तापी यांपैकी कोणत्या नदीस मिळतो, हे नकाशावर दाखवून पाण्याचा हा प्रवास समजावून द्यावा. कोलिस्टिन हे निर्वाणीचे औषध वाचावे, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना ते देण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी केली.

वर्गात एक प्रयोग करावा. मेथीची जुडी स्वच्छ पाण्यात तीन वेळा धुवावी व तिन्ही पाणी निरनिराळ्या भांड्यांत ठेवून तळाशी बसलेली माती दाखवावी. मातीबरोबर काही जंतूही जातात. सर्व मात्र जात नाहीत. म्हणून तान्ही मुले, वृद्ध व आजारी यांना भाजी शिजवूनच द्यावी.

मुलांनी वहीत लिहून घ्यावे व घरी वाचून दाखवावे:

१. शेणखत खड्ड्यात पूर्ण कुजवूनच मळ्यात घालावे. कुजताना निघणाऱ्या उष्णतेने पुष्कळ जंतू मरतात.
२. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविक घेऊ नये. त्याचा उपयोग होत नाही.
३. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मध्येच सोडू नये. उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये.
४. गुरांना औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे.

आज उगाच घेतलेली गोळी उद्या खऱ्या दुखण्यात निरुपयोगी ठरेल, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी पाठ सफल झाला.