तांबू घरी आली तेव्हा

साताऱ्यात आमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायची गॅलरी. पगार एकाचा. घरात माळकरी सासूबाई, शाळेत जाणारी लेक, आणि जिन्याखाली जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लांपैकी कुणीच न नेलेलं एक तांबूस मादी पिल्लू, तांबू. तिला ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "महिन्याला किती?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. फक्त त्यात रुपयांखेरीज आणखी बरंच काही येतं.

१. पिल्लाला जे लागतं त्यातलं बरंचसं घरात आधीच पडलेलं असतं. दुकानात गाद्या, खेळणी, रंगीत वाट्या मांडलेल्या होत्या. भाव विचारले आणि बाहेर पडलो. टीव्हीच्या खोक्याची एक बाजू कापली, आत सासूबाईंची, म्हणजे आईंची, जुनी गोधडी घातली. पाण्याला जड बुडाची स्टीलची वाटी, कारण हलकी वाटी पिल्लू लगेच पालथी करतं. विकत घेतला तो फक्त मऊ गळपट्टा. मला नवल वाटलं ते गोधडीचं. नव्या गादीला कुणाचाच वास नसतो, आणि भावंडांच्या उबेतून उचललेल्या जिवाला अंधारात कुणाचा तरी वास हवा असतो. "पहिल्या रात्री रडू दे, आपोआप सवय होते," असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. खोकं अंथरुणाशेजारी ओढलं, हात आत सोडला आणि ती झोपली. मग दर काही रात्रींनी ते थोडं थोडं दाराकडे सरकवत नेलं.

२. लस पुढच्या पगारावर ढकलता येत नाही. तांबूचा एक भाऊ शेजारच्या आळीत गेला होता. तिथल्या माणसांचा त्याच्यावर जीव होता. लस तेवढी महिनाअखेर म्हणून राहिली. त्याला पार्व्हो झाला. उलट्या, रक्ताची हगवण, मग सलाईन. त्या चार दिवसांत जेवढा खर्च झाला तेवढ्यात सगळ्या लसी होऊन पैसे उरले असते. तो वाचला नाही.

वेळापत्रक साधं आहे. वयाच्या ६ ते ८ आठवड्यांत पहिली एकत्रित लस, मग १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी पुढचे डोस. रेबीजची लस ३ महिन्यांची झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध वजन करून, सुरुवातीला दर पंधरवड्याला. यात वगळण्यासारखं काही नाही, पण स्वस्तात करण्याच्या वाटा आहेत. जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुसर्वचिकित्सालय असतं, तिथे तपासणी नाममात्र पैशांत होते. आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही जनावरं दाखवता येतात. आणि दोन तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या लहान मुलाला रेबीजची लस दिली, म्हणून ६ जुलैला प्राणिजन्य रोग दिन असतो. २८ सप्टेंबर ही पाश्चरची पुण्यतिथी, तो रेबीज दिन. या सुमारास पुष्कळ ठिकाणी रेबीजची लस फुकट टोचतात.

३. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, पण जग दाखवायचं थांबवायचंही नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही. त्याला ब्लीचच लागतं. म्हणून जमिनीवर पाय नको. दुसरीकडे, पिल्लाच्या मनात ओळखीचं काय आणि भीतीचं काय याची वाटणी साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात होत असते. ते दिवस बंद खोलीत गेले तर पुढे हेल्मेट घातलेला माणूस दिसला तरी कुत्रं भुंकत सुटतं. आम्ही तिला झोळीत घातलं. लेक खांद्याला झोळी अडकवून तिला मोती चौकात न्यायची, राजवाड्यापाशी बसायची, एसटी स्टँडच्या बाहेर गाड्यांचे हॉर्न ऐकवायची. काठी टेकत चालणारे आजोबा, बुरख्यातल्या बाई, बँडवाले, हातगाडी, सगळं तिने झोळीतून पाहिलं. आज ती यातल्या कशालाच बिचकत नाही. फटाक्यांना मात्र अजून घाबरते, दिवाळीत पलंगाखालीच असते. ते तसंच आहे, आम्ही तिच्याजवळ बसतो.

४. दूध-पोळीवर पिल्लू जगतं, वाढत नाही. आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हटलं की दूध-पोळीच डोळ्यांपुढे येते. पण आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, ढाळ लागतात. आणि नुसत्या पोळीत वाढत्या हाडामांसाला पुरेल एवढं काही नसतं. डॉक्टरांनी अंडं सांगितलं. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आईंच्या गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षांची वारी. त्या दवाखान्यात माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी घरी येऊन विषय काढला नाही. काढायची हिंमत नव्हती असंही नाही. ते स्वयंपाकघर त्यांचं आहे आणि तो निर्णयही त्यांचाच असावा असं मला वाटत होतं.

त्यांनीच काढला. म्हणाल्या, "गॅलरीत विजेची शेगडी मांड. भांडं वेगळं, घासणी वेगळी. माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. तिच्या पोटाला जे लागतं ते तिला मिळालं पाहिजे." इतक्या वर्षांच्या सहवासात त्यांना मी जेवढं ओळखत होते त्याहून त्या दिवशी जास्त ओळखलं. त्या अंड्याला हात लावत नाहीत, पण तांबूची जेवणाची वेळ टळली तर आधी त्यांच्याच लक्षात येतं.

आता गॅलरीत शिजतं ते असं: मऊ भात, उकडलेलं अंडं किंवा चिकनवाल्याकडून आणलेली कोंबडीची पोटं, लाल भोपळा, गाजर, वर चमचाभर दही. फक्त घरचं दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून एका वेळेला पिल्लांचं तयार खाणं. मोठी गोणी घेतली की स्वस्त पडतं, पण ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते. लहानपणी दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मोठी झाल्यावर दोनदा. आपलं उरलेलं मात्र नाही. आमटी-रश्शात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांच्या रक्ताला अपाय करतो. शिऱ्याच्या प्रसादातले मनुके-बेदाणे विषारी, चॉकलेटही तसंच. शिजवलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं. आईंनी प्रसादाची वाटी उंच फळीवर ठेवायला सुरुवात केली ती यामुळेच.

५. शी-शूची शिकवण रद्दीवर होते आणि तिची किंमत वेळात मोजावी लागते. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच पिल्लाला जावं लागतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम तीन तास धरवतं, रात्री थोडं जास्त. म्हणजे घरात कुणीतरी हवंच. आमच्याकडे आई होत्या म्हणून निभावलं. नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडून संध्याकाळी येणार आणि घरात तिसरं कुणी नाही, अशा घराने दोन महिन्यांचं पिल्लू आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे; त्यांनी मोठं झालेलं, शहाणं कुत्रं घ्यावं, अशी कुत्रीही घराची वाट बघत असतात. भलत्या जागी झालं तर मारून, नाक घासून काही होत नाही. पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते कपाटामागे जातं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जागा पुसायची, म्हणजे वास राहत नाही. योग्य जागी केलं की तिथल्या तिथे कौतुक करायचं.

६. पिल्लाचे दात आणि मुलांचे हात यांच्यामध्ये मोठ्या माणसाने असावं लागतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास २८ दुधाचे दात पडू लागतात, पुढे ४२ येतात. तोवर दिसेल ते चावायचं असतं. ओला पिळलेला टॉवेल फ्रीजरमध्ये ठेवून द्यावा, जुन्या जीन्सची गाठ द्यावी, गार गाजर द्यावं. जुनी चप्पल देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती हे तिला कसं कळणार? लेकीला आम्ही शिकवलं की ती चावायला लागली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, खेळ थांबवून उभं राहायचं. आणि हे मी प्रत्येक आई-बापाला हात जोडून सांगते: रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागला, ओरखडा उठला, तर "लहानच तर आहे" म्हणू नका. जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. तिथे माणसांची रेबीजची लस फुकट मिळते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज उरत नाही.

७. नियम आपल्या बाजूने असला तरी शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेलं बरं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. ते आमच्याकडे छापून ठेवलेलं आहे. लागलं नाही, कारण तिला बाहेर नेताना साखळी आणि कागद-पिशवी कायम हातात असते.

८. मादी पिल्लू कुणी नेत नाही, हे मी याआधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. जिन्याखालची नर पिल्लं आठवड्याभरात गेली. तांबूला उचलून बघायचे, उलटी करायचे आणि खाली ठेवायचे. कारण एकच, ही विणार. त्याला उत्तर आहे आणि ते एकाच खर्चाचं आहे. आमच्या डॉक्टरांनी सहाव्या महिन्यानंतर, पहिल्यांदा माजावर येण्याआधी तिची नसबंदी केली. त्याने पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो. बऱ्याच शहरांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था हे ऑपरेशन कमी पैशांत करून देतात. चौकशी करायला हवी. आम्ही तांबू आणली त्या महिन्यापासूनच त्यासाठी डब्यात थोडे थोडे पैसे टाकत होतो. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून आईंनी तिला जुन्या परकराचं अंगडं शिवलं.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, पहिले चार महिने लसींमुळे जड गेले, आता महिन्याला दीड-दोन हजारांत भागतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बहुतेक पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी जन्मतात. यंदा तुमच्या गल्लीतही होतील. दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना आईपाशी राहू द्या. मग एक घरी न्यायचं मनात असेल तर मादी न्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.