घेवड्याचा वेल

श्रीगुरुचरित्राचा १८ वा अध्याय आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या पाठात असतो. दारिद्र्य जावे, घरात बरकत यावी म्हणून तो वाचायची रीत आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापुरी एका गरीब ब्राह्मणाचे घर. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर भागायचे. श्रीगुरु भिक्षेला आले, तीच भाजी जेवले आणि जाताना वेल उपटून गेले. पुढे मूळ खणताना द्रव्याचा कुंभ सापडला.

वाचताना आपले मन कुंभाकडे धावते. पण थोडे अलीकडे थांबावे. वेल उपटला आहे, कुंभ अजून जमिनीत आहे. बायको-मुले रडताहेत, ती माउली यतीला दोष देते आहे. त्या वेळी तो गृहस्थ तिची समजूत घालतो, की पोसणारा ईश्वर आहे. कुंभाची तेव्हा त्याला कल्पनाही नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच.

आपल्याही घरी असे वेल असतात. मुलाची बदली लांब होते, गुडघे धरतात आणि वारी चुकते, पेन्शन रखडते. मग घरातली माणसे एकमेकांवर चिडतात. अशा दिवशी कुणीतरी शांतपणे दोन शब्द बोलायचे असतात, आणि ते काम वडीलधाऱ्यांचे. कुंभ मिळेल की नाही ते महाराज जाणोत. तोवर घर धरून ठेवणे आपल्या हाती आहे.

जयंतीच्या सप्ताहात हा अध्याय आला, की त्या ओव्यांपाशी क्षणभर थांबा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥