आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! (अर्थात ओल की बुरशी?)

पावसाळा लागला की होस्टेलच्या भिंतींवर जगाचे नकाशे उमटू लागतात. कोणी म्हणतं ओल आली, कोणी म्हणतं बुरशी धरली. उपाय मात्र दोन्हींवर एकच, तो म्हणजे रंगाचा हात! मी सिव्हिलचा विद्यार्थी. माझ्या रूममेटला दमा आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा इनहेलर उशाशीच असतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही. ओलसर, बुरशीच्या घरात दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 साली स्पष्ट सांगितले आहे.

मुळात ओल हे कारण आणि बुरशी हा परिणाम. ओल म्हणजे पाणी, तर बुरशी म्हणजे त्या पाण्यावर वाढणारा सजीव. या दोघांत तिसरा एक बहुरूपी असतो, तो म्हणजे लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

ओळखायचं कसं?

लोणा : पांढरा, पिठूळ. चिमटीत चुरा होतो, पाण्याच्या थेंबात बराचसा विरघळतो. वास नाही.

बुरशी : काळे-हिरवट ठिपके किंवा कापसासारखा थर. पाण्यात विरघळत नाही, पुसली की पसरते. कुबट वास येतो.

नुसती ओल : तपकिरी कडेचा डाग, रंगाला फुगे, पोपडे. हाताला भिंत गार लागते.

काळा डाग मळाचा की बुरशीचा, अशी शंका आली तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग फिका पडला तर बहुधा बुरशी. पण सावधान! ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

आता खरा प्रश्न, पाणी येतं कुठून? भिंत कोरडी पुसा, फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस थांबा. फॉइल भिंतीकडून ओलं झालं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडून ओलं झालं तर दोष हवेतल्या वाफेचा. 28 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 24 अंशांच्या भिंतीवर दव धरायला लागतं. खोलीत दोरीवर जीन्स वाळत घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं!

जागा आणि महिनाही बोलतात. छताला डाग असेल तर गच्ची तपासा. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत असेल तर पाया. बाथरूमच्या सामायिक भिंतीवर असेल तर पाइप. कपाटामागे असेल तर तिथे हवा खेळत नाही. आणि आपल्या संभाजीनगरच्या रखरखीत मे महिन्यात भिंत ओली दिसली, तर पावसाला दोष देऊ नका, आधी खिडकीतला कूलर बघा.

कारण न शोधता वरून लेप दिला की काय होतं, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी इटालियन तज्ज्ञ आणले. सुटणारा रंग धरून ठेवायला त्यांनी शेलॅकचं वॉर्निश वापरलं. हेतू चांगलाच होता. पण पुढे तेच वॉर्निश पिवळं-काळपट पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते जपून उतरवावं लागलं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी पाणी थांबवा, मग भिंत पूर्ण वाळू द्या, बुरशी मास्क लावून ओल्या फडक्याने साफ करा (कोरडी खरवडली तर बीजाणू खोलीभर उडतात) आणि रंग सगळ्यात शेवटी. दम्याच्या मुलाला हे काम सांगू नका.

आणि वॉर्डन सरांना अर्ज करताना नुसतं 'रंग मारून द्यावा' असं लिहू नका. 'बाथरूमच्या भिंतीला लावलेलं फॉइल आतून ओलं होतं, पाइप तपासावा' असं लिहा. इंजिनिअर शोभाल!