ऑक्सिजन सेन्सर : बदलण्याआधी तपासून घ्या

आज लहान-मोठ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारात मालाची ने-आण करणारी एखादी गाडी असतेच. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस गाडीच्या बाबतीत मात्र मिस्त्री सांगेल तो आकडा मुकाट्याने देतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागला, ॲव्हरेज घसरले, की “ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल” हे वाक्य हमखास कानी पडते. कधी ते खरे असते, कधी नसते. हे ओळखावे कसे, ते आज आम्ही पाहणार आहोत.

सेन्सरचे काम

१ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, याची खबर सायलेन्सरच्या नळीत बसवलेला सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला देतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर हा सेन्सरही सर्वत्र पोहोचला.

गाडीत बहुधा दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर मिश्रण सांभाळतो, नंतरचा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय सेन्सर काम करीत नाही, म्हणून त्यात छोटा हीटर असतो.

पहिला सेन्सर बिघडून पेट्रोल जास्त जाऊ लागले, की प्लग काळे पडतात, ॲव्हरेज उतरते आणि पीयूसी अडते. बीएस-४ पेट्रोल गाडीला सुस्त चालीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. दुर्लक्ष केले तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तोही खराब होतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो. म्हणून चालढकल करू नये, पण घाईने सेन्सर बदलूही नये.

कोड म्हणजे निकाल नव्हे

एप्रिल २०१३ पासून भारतातील नव्या चारचाकी गाड्यांत ओबीडी-२ ची सोय आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी ०१३० ते पी ०१३५ हे पहिल्या सेन्सरच्या सर्किटचे कोड, पी ०१३६ ते पी ०१४१ दुसऱ्याचे. कोड सर्किट दाखवतो. बिघाड सेन्सरमध्ये आहे, तारेत आहे की फ्यूजमध्ये, हे तो सांगत नाही.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. अशा वेळी हवेचा पाइप फाटलेला असू शकतो किंवा पेट्रोलचा दाब कमी असू शकतो. सेन्सर खरे बोलत असतो आणि आपण साक्षीदारालाच शिक्षा देतो. पी ०४२० हा कन्व्हर्टरच्या कामाबद्दलचा कोड आहे. तो दिसताच दुसरा सेन्सर बदलणे म्हणजे अंदाजाने पैसे घालवणे होय.

तपासणी

१) आधी फ्यूज, कपलर आणि गरम नळीला चिकटून वितळलेल्या तारा पाहाव्यात. सेन्सरच्या आधी नळी फुटली असेल तर बाहेरची हवा शिरून आकडा चुकतो.

२) इंजिन पूर्ण गरम करून २००० ते २५०० आरपीएमवर ठेवावे आणि स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वर-खाली झाला पाहिजे. एकाच जागी अडकला किंवा सुस्त झाला तर शंका घ्यावी. दुसऱ्या सेन्सरचा आकडा मात्र जवळजवळ स्थिर असावा.

३) अडकलेल्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. एकदम रेस दिली की आकडा वर जावा, पाय काढताच खाली यावा. अजिबात हलला नाही आणि तारा ठीक असतील तर सेन्सर गेला.

४) हीटरचा कोड असेल तर कपलर काढून मल्टीमीटरने हीटरच्या दोन तारांमधला रोध मोजावा. तो थोड्या ओहमांत येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. रोध ठीक असेल तर कपलरपर्यंत १२ व्होल्ट येतात का, ते पाहावे.

काही नव्या गाड्यांत पहिल्या जागी एअर-फ्यूएल सेन्सर असतो. त्याला वरील व्होल्टेज लागू नाहीत. त्यासाठी कंपनीचे मॅन्युअल पाहावे.

बदलताना

नवा सेन्सर गाडीच्या पार्ट नंबरप्रमाणेच घ्यावा. कपलर जुळला म्हणजे सेन्सर जुळला असे नाही. नळी भाजणार नाही इतपत कोमट असताना आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नव्याच्या आट्यांना आधीच लेप नसेल तर जाम न होऊ देणारी पेस्ट फक्त आट्यांनाच लावावी, टोकाला लागू देऊ नये. सेन्सर हाताने बसवून मग बेताने कसावा. कपलरमध्ये ग्रीस भरू नये आणि आसपास सिलिकॉन सीलंट वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. शेवटी कोड पुसून गाडी फिरवून आणावी व आकडे पुन्हा पाहावेत.

इंजिन ऑइल जाळत असेल किंवा कूलंट आत गळत असेल तर नवा सेन्सरही लवकर जाईल. मूळ कारण आधी दूर करावे.

गॅरेजमध्ये व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी मागाव्यात : कोणता कोड होता, मोजणीत काय आले आणि काढलेला जुना भाग. इमानदार मिस्त्रीला याचा राग येत नाही. माप पाहिल्यावाचून आपण ठाण विकत घेत नाही, गाडीच्या कामातही तोच नियम पाळावा.