अंतराळात गेलेला माशाचा डबा आणि फूड टेक्नॉलॉजीची वाट

बारावी सायन्सनंतर मुलीने ‘फूड टेक्नॉलॉजी’ म्हटलं की घरात हमखास प्रश्न येतो, म्हणजे लोणची-पापडच ना? अशा पालकांना मी जपानमधल्या एका शाळेची गोष्ट सांगते.

फुकुई प्रांतात ओबामा नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या मत्स्यविद्यालयातली मुलं साबा माशाचे डबे बनवायची. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंदच. 2006 साली या शाळेला हॅसॅप प्रमाणपत्र मिळालं. अन्न कुठल्या टप्प्यावर बिघडू शकतं ते आधीच हेरून तिथेच बंदोबस्त करायची ही पद्धत मुळात 1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठीच घडली. मग आपला डबा अंतराळात का जाऊ नये, असं मुलांच्या मनात आलं.

अडचण होती रश्श्याची. वजनरहित अवस्थेत पातळ रस्सा डब्यात राहत नाही. त्याचे थेंब तरंगत जाऊन यंत्रांत शिरू शकतात. मुलांनी तो दाट करायचे प्रयोग केले आणि शेवटी त्यांच्याच भागातलं कुझू कंदाचं पीठ कामी आलं. दुसरी अडचण चवीची. अंतराळात शरीरातलं द्रव डोक्याकडे सरकतं, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं आणि जेवण सपक लागतं; म्हणून मसाला तेज करावा लागला. शिवाय जपानची अंतराळ संस्था ‘जाक्सा’ हिची अट अशी की पदार्थ साध्या तापमानाला किमान दीड वर्ष टिकला पाहिजे. मधल्या काळात, 2013 मध्ये, ही शाळा वाकासा हायस्कूलमध्ये विलीन झाली, पण काम एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिलं. 2018 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा सुरुवात करणारी मुलं तिशीला टेकली होती. 2020 मध्ये जपानी अंतराळवीर सोइची नोगुची यांनी तो मासा अंतराळ स्थानकावर खाल्ला.

याच नोगुचींसाठी 2005 मध्ये निस्सिन कंपनीने रामेन, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचा पदार्थ, तयार केलं होतं. यानात उकळतं पाणी मिळत नाही, म्हणून ते सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात शिजेल असं केलं. नूडल्सचे घासाएवढे गोळे, सूप दाट.

पालकांनो, या सगळ्यात रॉकेट कुठेच नाही. आहे ते सूक्ष्मजीवशास्त्र, उष्णतेची प्रक्रिया, पॅकेजिंग आणि चवीची शास्त्रशुद्ध चाचणी. त्यामुळे ‘स्पेस फूड’ नावाची पदवी शोधत बसू नका. निस्सिन किंवा हाउस फूड्ससारख्या कंपन्यांचा मुख्य धंदा रोजच्या जेवणाचाच आहे. अंतराळाचं काम हा त्यातला लहानसा कोपरा.

आपल्याकडे माटुंग्याची आयसीटी, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय, हरियाणातल्या कुंडलीची निफ्टेम ही पदवीची चांगली ठिकाणं. निफ्टेमला जेईई मेन लागते, राज्यातल्या प्रवेशांसाठी सीईटी. गणित सोडू नका, उष्णतेच्या हिशेबाला ते लागतंच. पुढे एम.एस्सी.साठी म्हैसूरची सीएफटीआरआय आहे. त्याच शहरात संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, पूर्वीची डीएफआरएल. 1984 मध्ये राकेश शर्मांबरोबर अंतराळात गेलेले भारतीय पदार्थ तिनेच तयार केले होते.

पहिली नोकरी बहुधा कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागते. शिफ्ट ड्युटी असते, डोक्याला जाळीची टोपी असते आणि दिवसभर नमुने तपासावे लागतात. हे काम कमी प्रतीचं समजू नका. डबा का फुगला, पाउचची शिवण कुठे सुटली, हे ज्याला हाताने कळलं, त्यालाच पुढे संशोधन विभागात वजन येतं.

जपानलाच जायचं असेल तर तिथल्या सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती बारावीनंतरही मिळते आणि पदवीनंतरही. तिची चौकशी मुंबईच्या जपानी वकिलातीत करा. भाषा मात्र आत्तापासून सुरू करा. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा पुण्यात आणि मुंबईत होते. पहिली पायरी एन-5 कॉलेज सांभाळून जमते. पण प्रयोगशाळेत सहकाऱ्यांशी चवीवर वाद घालायचा असेल, तर एन-2 पर्यंत जावं लागेल, आणि त्यासाठी काही वर्षं हातात ठेवा.