एका खेळाचा शोध

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, जुनी नाणी आणि बखरी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु कॅसेटवर साठवलेला एक खेळही संशोधकांना कित्येक वर्षे कामाला लावू शकतो. ‘द हॉबिट’ हा असाच एक खेळ होय.

जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज लेखकाची ‘द हॉबिट’ ही कादंबरी इ. स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. बिल्बो नावाचा सुखवस्तू, भित्रा जीव एक जादूगार व तेरा बुटके यांच्या संगतीने ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवण्यास निघतो, असे तिचे कथानक आहे. इ. स. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी ‘बीम सॉफ्टवेअर’ या संस्थेने या कथेवर संगणकाचा खेळ तयार केला. व्हेरोनिका मेग्लर ही विद्यापीठातील विद्यार्थिनी आणि फिलिप मिचेल हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. खेळासोबत कादंबरीची प्रतही दिली जाई.

त्या काळी ‘स्पेक्ट्रम’ नावाचा छोटा संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडत. त्याची स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे सुमारे ४९ हजार इंग्रजी अक्षरे मावतील एवढीच होती. तेवढ्या जागेत चित्रे, स्थळे, पात्रे व भाषा बसवायची होती! त्या वेळचे बहुतेक खेळ एक क्रियापद व एक नाम एवढेच जाणत. मिचेल यांच्या रचनेमुळे मात्र या खेळाला पूर्ण वाक्य कळे. क्रियाविशेषणाचाही अर्थ लागे.

मेग्लर यांची योजना याहून विलक्षण होती. खेळाडू स्वस्थ बसला, तरी इतर पात्रे आपापल्या मर्जीने हिंडत, भांडत व वस्तू उचलून नेत. कधी कधी एखादे आवश्यक पात्र खेळाडू पोहोचण्यापूर्वीच मारले जाई. हे असे का घडते, हे खेळाडूंना कळेना. काहींना तो निव्वळ दोष वाटे.

हे कोडे उलगडण्यास अनेक साधने उपयोगी पडली. कॅसेट हे पहिले साधन. परंतु चुंबकीय फीत कालांतराने झिजते व तिच्यावरील मजकूर नष्ट होतो. म्हणून चाहत्यांनी जुन्या फितींवरील खेळ नव्या संगणकांवर उतरवून घेतला आणि जुन्या यंत्राप्रमाणे वागणाऱ्या कार्यक्रमांच्या साहाय्याने तो पुन्हा चालवला. एका अभ्यासकाने तर पडद्याआड प्रत्येक पात्र काय करते, हेही दिसेल अशी सोय केली. तेव्हा स्पष्ट झाले, की पात्रांची ती स्वैर वागणूक बहुतांशी मुद्दाम योजलेलीच होती.

तथापि, कार्यक्रम वाचून तो कसा चालतो हे कळते. तो तसा का रचला, हे कळत नाही. त्यासाठी माणसांकडेच जावे लागते. इ. स. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील संशोधकांनी ‘प्ले इट अगेन’ या उपक्रमातून १९८० च्या दशकातील खेळांची माहिती व लोकांच्या आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. हेलन स्टकी यांनी ‘द हॉबिट’चाही अभ्यास केला. मेग्लर यांनी ही संस्था लवकरच सोडली होती. आपल्या खेळाने केवढ्या लोकांना वेड लावले, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीमुळे खेळामागचा विचार उजेडात आला.

मनुष्याची स्मृती चुकते, फीत झिजते आणि यंत्र मुके असते. म्हणून खरा संशोधक एकाच साधनावर विसंबत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढतो. मात्र उशीर झाला, तर फीतही उरत नाही आणि सांगणारा माणूसही उरत नाही.

शब्दार्थ : स्वैर – मनाला येईल तसे, विसंबणे – भरवसा ठेवून राहणे, उणीव – कमतरता.

स्वाध्याय
१. हा खेळ त्या वेळच्या इतर खेळांहून कोणत्या दोन बाबतींत निराळा होता?
२. केवळ कॅसेट जपून ठेवल्याने खेळाचा इतिहास का पूर्ण होत नाही?
३. तुमच्या घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एका खेळाची माहिती विचारा. दोघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास तो लिहून काढा.